लिंबापासून चाळीस पावलं

परवा भर दुपारी मोबाईल वाजला. फोन नव्हता, इशारा होता: येत्या तीन तासांत आपल्या भागात विजांसह वादळी पाऊस, झाडाखाली थांबू नये. मी पडवीत बसले होते. आभाळात एक डाग नव्हता. पत्रा तापून मधूनच टण्‌कन वाजत होता, कोंबड्या चोची उघड्या टाकून खाटेखाली बसल्या होत्या आणि रस्त्यावरचं डांबर इतकं मऊ झालं होतं की मोटारसायकल गेली की चाकांचा चिकट आवाज यायचा. मी मोबाईल ठेवला आणि अंगणात जाऊन भीमा नदीच्या अंगाला आभाळ पाहिलं. आमच्या वाडीत इशारा आला तरी माणूस आधी तिकडं पाहतोच. शेजारच्या ओट्यावरून चुलत्यांनीही पाहिलं. वारं अजून पडलं नाही, तासभर अवकाश आहे, असं सांगून ते पुन्हा आडवे झाले.

वारं पडतं म्हणजे नेमकं काय होतं, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय. दिवसभर झळा मारणारा वारा एकाएकी थांबतो. एक पान हलत नाही. अंगावरचा घाम सुकायचा थांबतो. कुत्री उठून जागा बदलतात. आणि मग, जिकडं सकाळपासून नुसतं ऊन होतं तिकडूनच, गार वाऱ्याचा एक झोत येतो, कुणीतरी मोठ्या माठावरचं झाकण काढल्यासारखा. एवढ्या भाजलेल्या रानात हा गारवा कुठं बसलेला असतो? शाळेत उत्तर मिळालं होतं. उंच ढगातली थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडं पसरते. उत्तर खरं आहे. पण ते पाठ झाल्यावरही तो झोत अंगावर आला की मी अजून वळून बघते, कोण आलं म्हणून.

वळवाचे दिवस आले की मला एकच उन्हाळा आठवतो. मी दहावीची परीक्षा दिली होती आणि निकाल लागायचा होता. आईबरोबर कांदे काटायला जात होते. उपटलेला कांदा वाळला की त्याची पात विळ्यानं कापायची, कांदा एकीकडं, पात दुसरीकडं, आणि मग त्या कांद्याचा लांबट ढीग लावून वर पात पसरून ठेवायची. आमच्याकडं त्या ढिगाला आरण म्हणतात. श्रीगोंद्याच्या या भागात तेव्हा प्रत्येक वावरात अशा आरणी निजलेल्या दिसायच्या. वारा सुटला की कांद्याची सालपटं गुलाबी पाखरांसारखी रस्ताभर उडायची. केसात, पदरात, भाकरीच्या फडक्यात, सगळीकडं सालपटं. रात्री अंथरूण झटकलं तरी दोनचार निघायचीच.

आमच्या घरी मात्र कागद जास्त होते. माझे वडील, अण्णा, तालुक्याच्या छापखान्यात जुळारी होते. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग कॉम्प्युटर आला तर तोही शिकले. पोटासाठी लग्नपत्रिका छापायचे आणि मनासाठी पत्रकं. हुंडा, दारू, पाण्याचं वाटप, अंगारेधुपारे, साप चावल्यास काय करावं आणि काय करू नये. बाजाराच्या दिवशी सायकलला पिशवी लावून ते काष्टीला जायचे आणि भाजीवाल्यांपासून बैलवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात एकेक कागद द्यायचे. चुकलेले, डाग पडलेले कागद घरी यायचे. फळीवर डब्यांखाली पत्रकं, भिंतीच्या भेगेत पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांची. मी वाचायला शिकले ते त्यावर. माझं नाव क्रांती ठेवलं त्याचंही कारण दुसरं नाही. आमच्या टोळीतल्या बायका मला क्रांते म्हणायच्या आणि लगेच हसायच्या, कारण हाक मारल्यासारखं कमी आणि घोषणा दिल्यासारखं जास्त वाटायचं.

टोळीत आम्ही सातजणी होतो, त्यांत आई, चुलती आणि मी. मुकादम मार्थामावशी. पन्नाशीच्या, अंगानं दणकट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. दर रविवारी चर्चला जायच्या, त्यामुळं आमच्या टोळीला रविवारची सुट्टी असायची आणि बाकीच्या टोळ्यांना त्याचा हेवा वाटायचा. आणि दुसरी, जिच्याबद्दल मला सांगायचंय, ती हौसावहिनी. तिशीची, उंच, भरभर हात चालणारी. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, एक मुलगा. हौसावहिनी पायाळू होती.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी आले असं माणूस. अशा माणसाबद्दल गावाकडं दोन समजुती पक्क्या आहेत. एक अशी की त्याची लाथ लागली की कंबरेत भरलेली उसण उतरते. दुसरी अशी की वीज त्याला शोधत येते. माणूस तेच, पाय तेच. पण हौसावहिनीच्या दिवसाचे त्यामुळं सरळ दोन तुकडे झाले होते. सकाळ एका समजुतीची आणि दुपार दुसरीची.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बांधावरच्या कडुलिंबाखाली कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचंच. कांदा काटणाऱ्या बाईची कंबर धड कधीच नसते. शिवाय दुसऱ्या वाड्यांवरून माणसं यायची, शुगर फॅक्टरीच्या गाडीवरचे ड्रायव्हर यायचे, एकदा तर एक तालेवार पाटीलबुवा दोघांच्या खांद्यावर हात टाकून आले होते. हौसावहिनी पदर खोचायची, बोलायचं नाही असं बजावायची आणि डाव्या पायाची टाच कंबरेवर तीनदा लावायची. लाथ कसली, हळूच दाबल्यासारखं. मग माणूस उठून, वाकून, वळून बघायचा आणि तोंडभर हसायचा. कुणी ओंजळभर शेंगा द्यायचं, कुणी चार आंबे. त्या अर्ध्या तासात आमची हौसावहिनी डॉक्टरीणबाई असायची. तिला वहिनी, बसा, पाणी घ्या, असं चालायचं.

हे सगळं खोटं आहे हे मला पत्रकांनी सांगितलेलंच होतं. आणि तरी एका सकाळी मी हौसावहिनीच्या अंगणात अण्णांना पालथं पडलेलं पाहिलं. कागदाचं बंडल उचलताना त्यांच्या कंबरेत उसण भरली होती. मला बघून ते उठले, कपडे झटकले आणि वाटेनं चालता चालता मला समजावून सांगितलं की टाचेच्या दाबानं आखडलेला स्नायू मोकळा होतो, यात चमत्कार काही नाही, आईला सांगायची गरज नाही. ते सरळ चालत होते हे मी पाहिलं. मला राग यायला हवा होता. पण मला प्रश्न पडला: कुणाच्याही टाचेनं होईल का? मी घरी आईच्या कंबरेवर करून पाहिलं. आईनं मला हाकलून लावलं.

दुपार व्हायची आणि भीमेच्या अंगाला ढगांचे गठ्ठे उभे राहायचे. आधी पांढरे, कापसाच्या बोचक्यांसारखे. मग त्यांचं बूड काळं पडायला लागायचं. पहिला गडगडाट असा यायचा की कुणीतरी लांब पुलावरून रिकामं पिंप ढकलतंय असं वाटावं. हात भराभर चालायला लागायचे, आरणींवर ताडपत्री ओढली जायची, टोकांवर दगड ठेवले जायचे. जवळ पक्कं घर नव्हतं. मग सगळ्या लिंबाकडं पळायच्या आणि मार्थामावशी मागं न बघता म्हणायच्या, “हौसा, तू जरा लांब बस गं माय.”

लांब म्हणजे किती तेही ठरलेलं होतं. टोळीत आली तेव्हाच मावशींनी लिंबापासून चाळीस पावलं मोजून एक दगड दाखवला होता. हौसावहिनी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन त्या दगडाजवळ उकिडवी बसायची. आम्ही सहाजणी लिंबाच्या बुंध्याला टेकून, अंगाला अंग लावून. आणि मग तिथं जे सुरू व्हायचं ते मला अजून कुठल्या सभेत, संमेलनात मिळालेलं नाही. मार्थामावशी गोष्टी सांगायच्या. त्यांच्या सासरच्या, माहेरच्या, पाद्रीबाबाच्या, सोयऱ्याधायऱ्यांच्या. प्रत्येक माणसाचा आवाज काढायच्या. बाहेर आभाळ फाटतंय आणि आत आमची हसून मुरकुंडी वळतेय. मधूनच मी खोळीखालच्या त्या ठिपक्याकडं बघायची. वीज चमकली की ती क्षणभर पांढरीशुभ्र दिसायची, मग परत पावसात पुसली जायची.

एकदा घरी जाताना मी तिला विचारलं, तिकडं कसं वाटतं. मला वाटलं ती रडेल, किंवा मावशींना बोल लावेल. मी तयारच होते, माझ्याजवळ भाषण होतं. पण तिला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता बहुतेक. ती उलट खूश झाली आणि सांगत सुटली. पाऊस एकदम येत नाही, चालत येतो, आधी पलीकडच्या वावरात त्याच्या पायांचा आवाज होतो. पहिले थेंब गरम असतात. वीज पडायच्या आधी कधीकधी हातावरची लव उभी राहते आणि जिभेवर पितळी वाटीची चव येते. सगळ्या विजा पांढऱ्या नसतात, काही जांभळ्या, काही केशरी. ज्या वळवात गारा असतात त्याचा ढग आतून हिरवट दिसतो. चमकल्यावर ती अंक मोजायची आणि आवाज आला की थांबायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अंक वाढले की वादळ चाललं, कमी झाले की येतंय, हे तिनं एकटीनं बसून शोधलं होतं. मी तीनचार इयत्ता विज्ञानात पहिली आले होते आणि यातलं निम्मंसुद्धा पाहिलं नव्हतं. मी झाडाखाली होते, हसत होते.

भीती वाटत नाही का, असं मी शेवटी विचारलंच. “इजेचं भ्याव न्हाई वाटत गं मला,” ती म्हणाली. “तुमी तिकडं हसता अन् मला ऐकू येत न्हाई, त्याचं लई वाटतं.”

नंतर माझ्या लक्षात आलं की हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी काटताना कुणीतरी आदल्या दिवशीच्या गोष्टीतला एखादा शब्द उच्चारायचं आणि सगळ्या फुटायच्या. हौसावहिनी विचारायची, काय झालं हुतं गं? आणि उत्तर यायचं की राहू दे, आता सांगून मजा नाही. तीन वर्षं ती टोळीत होती. तीन उन्हाळ्यांच्या गोष्टी तिच्यापर्यंत येता येता तुटलेल्या होत्या.

ती आता देवळाली प्रवराला मुलाकडं असते. अजूनही उन्हाळ्यात मला तिचे आवाजी निरोप येतात. उसात वारं कसं वेगळं वाजतं, आज ढगाला दोन मजले होते, अशा बातम्या. हवामान खात्यापेक्षा मी त्यांची वाट जास्त बघते.

तर हौसावहिनीशी ते बोलणं झालं त्या रात्री मी घरातले सगळे कागद उपसले. सापाच्या आणि उष्माघाताच्या मधे मला विजेचं एक जुनं, कडा कुरतडलेलं पत्रक सापडलं. त्यात लिहिलं होतं की वादळात एकट्या उंच झाडाखाली उभं राहणं सगळ्यात वाईट. वीज झाडावर उतरते आणि बुंध्याजवळच्या माणसात उडी घेते. आडोसा नसेलच तर उघड्यावर, झाडापासून दूर, पाय जुळवून, गुडघ्यात डोकं घालून, एकमेकांपासून अंतर राखून बसावं. मी ते चारदा वाचलं. म्हणजे आपला जीव वाचावा म्हणून आम्ही जिला लांब बसवत होतो, ती त्यातल्या त्यात बऱ्या जागी बसत होती. आणि आम्ही सहाजणी बरोबर तिथं, जिथं बसू नये.

मला हसू यायला हवं होतं. मला संताप आला. सोळाव्या वर्षी संताप फार लवकर येतो आणि तो आला की आपण खरे आहोत याची खात्री पटते. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मथळा दिला: वीज जन्म विचारत नाही. त्यात पायाळूपणाच्या दोन्ही समजुती फाडल्या. आमच्या वाडीचं नाव घातलं. हौसावहिनीचं नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि एका कष्टकरी भगिनीला दर दुपारी वाळीत टाकणाऱ्या या टोळीला जाब विचारला. अण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी शुद्धलेखन तपासलं, दोन ठिकाणी अनुस्वार दिले आणि चांगल्या कागदावर छापलं. हौसाला विचारलंस का, हे त्यांनीही विचारलं नाही.

काष्टीच्या बाजारात ते पत्रक गाजलं. मी स्वतः वाटलं. पुढच्या बाजाराला मार्थामावशी वांगी घ्यायला गेल्या तर भाजीवाल्यानं विचारलं, मावशी, आज लाथ खाऊन आला का तशाच आला? हे हसणं वाडीपर्यंत आलं. सकाळी लिंबाखाली माणसं येईनाशी झाली. पाटीलबुवांनी तर आपण कधी आलोच नव्हतो असं सांगायला सुरुवात केली. आणि दुपार मात्र तशीच राहिली. गडगडलं की, हौसा, लांब बस.

मला हे कळेना. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी होत्या, एकाच दमात लिहिलेल्या. लोकांनी वरची अर्धी मानली आणि खालची अर्धी सोडली. आता वाटतं, त्यात नवल काही नव्हतं. लाथेवरचा विश्वास सोडायला थोडी लाज पुरते. विजेची भीती सोडायची तर आपला जीव पुढं करावा लागतो. ते काम पत्रक करत नाही, ते ज्यानं त्यानं करायचं असतं. मी मार्थामावशींशी वाद घालायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “कागदात आसल खरं,” त्या म्हणाल्या. “पर ईज काय कागद वाचून पडती का, क्रांते? माजा देवावर भरवसा हाय. म्हनून काय इजेला आवतान द्यायचं?”

बायका आता हौसावहिनीवरच चिडून होत्या. सगळ्यांचं हसं झालं ते तिच्या पायांमुळं, असा काहीतरी हिशोब झाला होता. मग मावशींनी तिला सांगितलं की सकाळी आभाळ धरलेलं दिसलं की कामाला येऊच नको. म्हणजे चाळीस पावलं होती तीही गेली.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती अंगणात खाटेवर साडी अंथरून कुरडया वाळत घालत होती. तिनं मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच बोलायला लागले, की मला हे अपेक्षित नव्हतं, की लोक मागासलेले आहेत, की आपण दुसरं पत्रक काढू. तिनं एक कुरडई उलटी केली, दुसरी उलटी केली.

“माजी दुपार सुधराय निगालीस,” ती म्हणाली, “अन् सकाळ तेवडी घेऊन गेलीस.”

मग तिनं मान वर केली आणि मला विचारलं. रागानं नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “तुज्या कागदात हाय, झाडाखाली बसू नका. मंग गडगडल्यावर तू कुठं बसतीस?”

कुठं बसत होते मी? लिंबाखाली. पत्रक लिहायच्या आधी आणि पत्रक वाटल्यावरही. आई आणि मावशींच्या मधे, सगळ्यात कोरड्या जागी. मला त्या कागदातलं अक्षर न् अक्षर खरं वाटत होतं आणि तरी पाय आपोआप झाडाकडं जात होते. पुढचे कित्येक दिवस मला झोपताना तोच प्रश्न ऐकू यायचा. अजूनही कुठं काही लिहायला बसले की तो आधी येऊन बसतो.

आमचं लिंबालगतचं शेवटचं वावर उरलं होतं. त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं म्हणून हौसावहिनी कामाला आली. तिच्याशी कुणी फार बोलत नव्हतं. ती एका कडेला बसून काटत होती. वळवाचं असंच असतं, सकाळी तो काहीच कबूल करत नाही. तीनच्या सुमाराला वारं पडलं. सालपटं होती तिथं थांबली. मग तो गार झोत आला, त्याच्यामागं धूळ, आणि भीमेवरचा ढग इतक्या वेगानं वर चढला की आम्ही ताडपत्री ओढेपर्यंत उन्हाचा रंग पिवळा होऊन गेला. कुणी काही बोलायच्या आत हौसावहिनी खोळ घेऊन उठली आणि आपल्या दगडाकडं चालायला लागली. सगळ्या लिंबाकडं पळाल्या. मी मधेच उभी राहिले.

खरं सांगायचं तर मी फार भ्यायले होते. आणि नुसती विजेला नाही. त्या क्षणी माझ्या मनात आलं की समजा असलंच तर? समजा वीज खरंच हिला शोधत येत असली तर? दहा वर्षांचं वाचन, अण्णांचे सगळे कागद, सगळं त्या एका ‘समजा’पुढं पाचोळ्यासारखं हललं. तेव्हा मला पहिल्यांदा मार्थामावशी समजल्या. त्या मूर्ख नव्हत्या, दुष्टही नव्हत्या. मला जेवढी भीती वाटत होती तेवढीच त्यांना वाटत होती.

मी विळा खाली ठेवला आणि दगडाच्या दिशेनं गेले. मला येताना बघून हौसावहिनीनं हात आडवा केला. मी जवळ बसावं असं तिला नको होतं. “तितंच बस,” ती ओरडली. “आंतर ठेव. तुज्याच कागदात हाय.” मी तिथंच, दहाबारा पावलांवर, पाय जुळवून उकिडवी बसले. थेंब गरम होते, तिनं सांगितलं तसे. हातावरची लव उभी राहिली का ते मी बघत होते, पण ओल्या हातावर काही कळत नव्हतं. चमकलं. मी मोजायला लागले. सातावर आवाज आला. पुढच्या वेळी पाचावर.

लिंबाखालून आई हाका मारत होती. आधी दटावून, मग विनवून. मग हाका थांबल्या आणि मी वळून पाहिलं तर आई पावसातून येत होती, डोक्यावर रिकामं लोखंडी घमेलं धरून. घमेलं टाक, असं हौसावहिनी आणि मी एकदमच ओरडलो. तिनं ते भिरकावलं, माझ्यापासून अंतर ठेवून बसली आणि सांगितलं की पोरगी इथं आणि मी तिकडं, असं बघत बसणं तिला जमायचं नाही. कागद खरा की खोटा याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आईमागं आमची चुलती आली, कारण आई आली. मग मावशी सोडून उरलेल्या दोघी आल्या, कारण सगळ्या तिकडं आणि आपणच इकडं, हे त्यांना बरं वाटेना. एकेक जण येऊन वावरात लांब लांब बसली. वीज चमकली तेव्हा पाहिलं, उकिडव्या बसलेल्या आम्ही सहाजणी, सगळ्या सारख्या पांढऱ्या. कोण पायाळू, ओळखू येत नव्हतं.

लिंबाखाली मार्थामावशी एकट्या उरल्या. कोरड्या, बुंध्याला टेकलेल्या. मग शिव्या देत, पदर डोक्यावर ओढत, चिखल तुडवत त्याही आल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत धपकन बसल्या. झाडाखाली काय एकटीनं बोलत बसू व्हय, असं म्हणाल्या.

त्या दिवशी लिंबावर वीज पडली नाही. पडली असती तर हे सांगणं सोपं गेलं असतं. माझं पत्रक खरं ठरलं असतं, अण्णांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली असती. वीज कुठंतरी कालव्यापलीकडं पडली आणि लिंब धुऊन हिरवागार झाला, एवढंच. कुणाचंच काही सिद्ध झालं नाही. आम्ही नुसत्या भिजत होतो, आणि भिजत बसलेल्या बायका किती वेळ गप्प बसणार?

मार्थामावशींनी सुरुवात केली. पण आता आम्ही अंगाला अंग लावून नव्हतो, तेव्हा त्यांना गोष्ट ओरडून सांगावी लागत होती. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची गोष्ट होती, संगमनेरकडच्या एका खेड्यातली. नवऱ्या मुलाचा बाप मानपानावरून रुसला होता. तुमच्या मांडवात पाय ठेवणार नाही, म्हणून लांब विहिरीजवळ खाटेवर जाऊन बसला होता. पाद्रीबाबा विनवून आले, गावचे जाणते विनवून आले, मुलीकडच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. गडी हलेना. पंगत खोळंबली. आणि तेवढ्यात वावटळ उठली. ती मांडवात शिरली, कापडाच्या आत फुगली, दोर तुटले आणि आख्खा मांडव बांबूंसकट उचलला गेला. तरंगत तरंगत विहिरीकडं गेला आणि बरोबर त्या खाटेवर जाऊन पडला. तो मांडवात येईना, तर मांडव त्याच्याकडं गेला. सगळे धावले. कापडाखाली काहीतरी हलत होतं. आणि आतून आवाज आला की...

इथं गडगडलं. असं गडगडलं की जमीन पायाखाली हलली. आवाज ओसरला तेव्हा जवळच्या चौघी लोळायच्या बेतात हसत होत्या. मला तुटक ऐकू आलं होतं. मी हौसावहिनीकडं पाहिलं. ती सगळ्यात लांब होती. खोळ मागं सरकलेली, चेहऱ्यावरून पाणी ओघळतंय, आणि तोंड अर्धवट उघडं, हसायला तयार, पण कशाला हसायचं ते माहीत नाही.

ती उभी राहिली. भर वादळात, उघड्या वावरात, जे कुठल्याच कागदानं सांगितलं नसतं, ती सरळ उभी राहिली आणि तोंडाजवळ हात धरून ओरडली, “मावशी, मला न्हाई ऐकू आलं. परत सांगा.”

कुणी म्हणालं नाही की राहू दे. मार्थामावशींनी आधी तिला खाली बसायला लावलं. मग त्यांनी तिच्याकडं तोंड केलं, छातीत श्वास भरून घेतला आणि रुसलेल्या व्याह्याचा कापडाखालून येणारा घोगरा आवाज काढून, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं सांगितलं, “आतून म्हनला, आलो बाबा मांडवात, आता वाढा पानं.”